राणी रंगाचे परबकाका

परबकाकांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा ते माझ्या गाडीसमोर उभे होते आणि हटत नव्हते. मुलुंडच्या आमच्या सोसायटीला गेट एकच आहे. सकाळी साडेआठला मी गाडी बाहेर काढत होतो, तर समोर साठी ओलांडलेला, काटकुळा, पिकल्या मिशांचा एक माणूस सायकल दोन पायांमध्ये धरून उभा. अंगात झगझगीत राणी रंगाचं बिनबाह्यांचं जाकीट, दोन्ही घोट्यांवर त्याच कापडाच्या पट्ट्या, गळ्यात शिटी, हँडलवर लुकलुकणारा दिवा. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. मी हॉर्न वाजवला. तो माणूस काचेतून थेट माझ्या डोळ्यांत बघत राहिला.

"मी दिसलंय काय तुमका?" त्याने मोठ्याने विचारलं.

"दिसलात ना! आंधळा आहे का मी?"

"मग हात वर करा. तुम्ही हात वर केल्यात काय मी जातंय."

मागून दुसरी गाडी आली होती. मी कसाबसा हात वर केला. तो समाधानाने हसला, पेडल मारलं आणि जाता जाता खिडकीशी वाकून म्हणाला, "तुमचो डावो आरसो मिटलेलो आसा. उघडा तो." मी काच वर केली आणि आरसा तसाच ठेवून निघालो. आमच्या पार्किंगमध्ये डावा आरसा उघडला तर शेजारच्या गाडीला घासतो, म्हणून तो कायम मिटलेला. मुंबईत हे काही नवल नाही. पण एका अनोळखी माणसाने मला माझ्याच गेटवर शिकवावं, हे मला झोंबलं.

इथे माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मी एका विमा कंपनीत गाड्यांच्या अपघातांचे दावे तपासतो. समोरचा खोटं बोलतोय असं धरून सुरुवात करायची, याचाच मला पगार मिळतो. इतकी वर्षं हे केल्यावर संशय कातडीला चिकटतो, ऑफिस सुटलं तरी सुटत नाही. भाजीवाल्याने एक टोमॅटो जास्त टाकला तरी मी पिशवी उलटी करून बघतो. माझी बायको माधुरी म्हणते, "तुला उद्या देव भेटला तर आधी त्याचं ओळखपत्र मागशील." ती चेष्टेत म्हणते, पण मी मागेन.

त्यामुळे दिवसाढवळ्या दिवा लावून, लग्नाच्या बँडवाल्यासारखा पोशाख करून गाड्यांसमोर उभा राहणारा माणूस बघितल्यावर माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो हा, की हा धक्का लागण्याची वाट बघतोय. अशी माणसं असतात. गाडी हळू असताना अंगावर घेतात, आडवी पडतात आणि मग दावा ठोकतात. मी वॉचमनकडे चौकशी केली. नाव अंकुश परब, बी विंग, दुसरा मजला.

बी विंग म्हटल्यावर माझा संशय दुप्पट झाला, हे आज लिहिताना लाज वाटते. आमची सोसायटी जुनी चाळ पाडून उभी राहिली. चाळीतल्या लोकांना बी विंग मिळाली आणि आम्ही विकत घेणारे ए विंगमध्ये आलो. आवार एक, गणपती एक, पाण्याची टाकी एक, पण बोलणं नाही. त्यांना वाटायचं आम्ही नाकं वर करून चालतो. आम्हाला वाटायचं ते आमच्या गाड्यांवर ओरखडे काढतात. दोन्ही बाजूंनी थोडं खरं होतं.

मी काकांवर नजर ठेवायला लागलो. बाल्कनीतून गेट दिसायचं. सकाळी साडेआठच्या सुमाराला ते निघायचे, कॅरियरवर कापडी पिशवी बांधलेली. अकराला परत. पुन्हा चारला बाहेर. काही दिवसांनी कळलं की परबकाकी ब्लाऊज शिवतात आणि काका ते मुलुंड-भांडुपभर घरोघरी पोचवतात. म्हणजे संशयाला जागा उरली नव्हती. पण संशयाला जागा कशाला लागते? तो उभ्यानेही राहतो. मी म्हटलं, ब्लाऊज पोचवायला कुणी शिटी घेऊन जातं का?

माझी मुलगी सायली त्या वर्षी नोकरीला लागली. ऑफिस भांडुपला. एलबीएस रोडवर मेट्रोचं काम चाललेलं, त्यामुळे रिक्षाने पाऊण तास जायचा आणि तेच अंतर सायकलवाली पोरं वीस मिनिटांत कापायची. एक दिवस ती सायकल घेऊन आली. मी नाही म्हटलं, माधुरीने हो म्हटलं, म्हणजे झालं. पहिल्याच दिवशी ती गेटमधून बाहेर पडताना काकांनी तिला अडवलं. मी वरून बघत होतो. काय बोलणं झालं ते संध्याकाळी तिनेच सांगितलं.

"बाबा, त्यांनी विचारलं, पांढरा शर्ट कोणी घालायला सांगितला? मी म्हटलं, पांढरा दिसतो ना. तर म्हणाले, 'गो बाय, दुपारच्या उन्हात पांढरो माणूस म्हणजे चुन्याच्या भिंतीवर लावलेलो चुनो.'" ती हसत सुटली. "झकास आहेत यार ते. आणि म्हणाले, रात्रीचं काही नाही, रात्री सगळे घाबरून चालवतात. 'दिवसाचा सगळ्यांका वाटता आपल्याक सगळा दिसता. म्हणान दिवसाच घात होता.'"

मी विचारलं, "त्यांना तुझ्याशी बोलायचं काय कारण?"

"तुला लोकांनी बोलायला कारण लागतं, बाबा. त्यांना नाही लागत."

तिथून आमच्या घरात परबकाकांची वचनं सुरू झाली. जेवताना, चहा पिताना. रस्त्याच्या अगदी कडेने जायचं नाही, कारण 'गटाराच्या कडेन चालवशीत तर गटारातलीच समजतीत.' बसच्या डाव्या अंगाला थांबायचं नाही. ड्रायव्हरचं तोंड आरशात दिसलं तर आपण त्याला दिसलो, नाहीतर नाही. पायाला पट्ट्या बांधायच्या, कारण 'हलता ता दिसता', वरखाली होणारे पाय माणसाच्या डोळ्याला आधी सापडतात. आणि सगळ्यांत वर, रोज नव्याने सांगितलेलं एक: 'डोळे आसले म्हणान दिसता असा नाय. तेणा हात वर करूक व्हयो.' त्याने हात वर केल्याशिवाय गाडीसमोरून जायचं नाही. मग ती गाडी मंत्र्याची असो की मामाची.

हे सगळं बरोबर होतं, आणि म्हणूनच मला जास्त खुपायचं. पोरीला जपायचं काम माझं. मी तिला हेल्मेट आणून दिलं होतं, ते ती हँडलला अडकवून न्यायची. काकांनी सांगितल्यावर डोक्यात घालायला लागली.

मग तो रविवार आला. सकाळी अकराचं ऊन. मी बाल्कनीत पेपर वाचत होतो. खाली सोसायटीमागच्या गल्लीत एक टेंपो उभा होता आणि ड्रायव्हरच्या जागेवर परबकाका बसले होते, मान आत ओढून. गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला माझी मुलगी सायकल धरून उभी. तिच्या हातात ब्लाऊज पीस. ती एक कापड छातीशी धरायची, काका एकदाच तिकडे बघून लगेच डोळे मिटायचे आणि ओरडायचे, "गेलो! दुसरो!" ती कापड बदलायची. पुन्हा डोळे उघडायचे, मिटायचे. "दुसरो!" अर्धा तास हा प्रकार चालला. मी खुर्चीवरून उठून आत गेलो, पुन्हा बाहेर आलो. भानामती करतोय की काय हा माणूस, इथपर्यंत माझी मजल गेली.

शेवटी चप्पल घालून सरळ त्यांच्या घरी गेलो. काका नुकतेच वर आले होते. काकी शिवणयंत्रावर. भिंतीवर आरशाशेजारी नवरात्रातल्या नऊ रंगांची यादी चिकटवलेली, वर्तमानपत्रातून कापलेली. निदान माणूस देवभोळा तरी आहे, असं मला वाटलं.

"बसा जाधवसाहेब," काका म्हणाले. "मी मिलमध्ये रंगखात्यात होतंय. मिल बंद पडली, मगे वीस वर्षां टेंपो चालवलंय. म्हणजे रंग कळतत आणि ड्रायव्हर पण कळता." त्यांनी टेबलावर ते सगळे ब्लाऊज पीस मांडले. पिवळा गेला, कारण रस्त्यावर रिक्षा. हिरवा झाडांत गेला. निळा मेट्रोच्या पत्र्यांत. "आता हेका काय झाला सांगा," म्हणून त्यांनी भगवा उचलला. आधी ते तसलं चमकतं भगवं जाकीटच घालत होते. मग मेट्रोचं काम निघालं आणि रस्ताभर तसल्याच जाकिटातली माणसं झाली. "ड्रायव्हर बघता आणि म्हणता, कामगार आसा, कडेक उभो आसा. बघून पण बघणा नाय. माका दोनदा धक्को लागलो." म्हणून राणी. रस्त्यावर राणी रंगाचं काही नसतं.

"आणि ही यादी?" मी विचारलं.

"ती? त्या दिवशी तो रंग घालूचो नाय म्हणान. गुलाबीच्या दिवसाक सगळी मुंबई गुलाबी. तेच्यात मी खंय दिसतलंय?"

काकी यंत्रावरून मान वर न करता म्हणाल्या, "चार वर्षं हे ध्यान रस्त्यावर फिरतंय आणि गिऱ्हाइकं मला विचारतात, काकी, उरलेला कपडा नवऱ्याला घालता का?"

मला हसू आलं. चहा प्यायलो. आधी मिल-कामगार, मग टेंपोवाला, एक साधा चोख माणूस, एवढं समजून घरी यायला काय हरकत होती? पण जिना उतरताना माझ्या डोक्यात पुन्हा किडा वळवळला. सगळं इतकं नीट कसं जुळतं? ऑफिसात ज्या दाव्याचे कागद अगदी नीट असतात, त्याच्यावर मी जास्त वेळ घालवतो. म्हातारा माझ्याच मुलीला का शिकवतो? बी विंगमध्ये काय पोरं नाहीत? आठवड्याभरात काकींनी सायलीसाठी राणी रंगाचं जाकीट शिवलं आणि ते घरात आलं. खुंटीवर टांगलेलं ते कापड येता-जाता माझ्याकडे बघायचं, मी त्याच्याकडे.

नवरात्र आलं. पाचवा की सहावा दिवस होता, नक्की आठवत नाही, पण रंग आठवतो. राखाडी. सायलीच्या ऑफिसात सगळ्या मुलींचा फोटो काढायचा होता. ती नवा राखाडी कुर्ता घालून निघाली. काकांनी आदल्या दिवशी तिला बजावलं होतं, राखाडी घालायचाच असेल तर वरून जाकीट घालायचंच, कारण रस्ता राखाडी, खांब राखाडी, धूळ राखाडी. ती जाकीट अंगावर चढवत होती, तेवढ्यात मी म्हटलं, "एवढा छान कुर्ता, आणि त्यावर ही भडक चिंधी? चुरगळून जाईल. बॅगेत टाक."

कुर्त्याची मला काडीची पर्वा नव्हती. त्या माणसाचं कापड तिच्या अंगावर नको होतं, एवढंच. तिने घड्याळ बघितलं आणि जाकीट बॅगेत टाकलं.

त्या दिवशी मी रजा घेतली होती. घरी सांगितलं नव्हतं. हे दोघं रोज रस्त्यात भेटून भांडुपपर्यंत एकत्र जातात, हे मला माहीत होतं. एकदा मागे जाऊन बघायचंच, असं ठरवलं होतं. ती उतरल्यावर पाच मिनिटांनी मी गाडी काढली. पाच रस्ता चौकाच्या पुढे, एलबीएसवर, गर्दीत ते राणी रंगाचं जाकीट दिसलं. खरंच, काय दिसत होतं! बस, ट्रक, रिक्षा, खांब, या सगळ्यांतून ते एकटं वर आल्यासारखं. मी मध्ये दोन गाड्या ठेवून मागे लागलो. सायली दिसत नव्हती. त्यांच्या पुढे असेल, बसच्या आड, असं मी धरून चाललो.

काका हळू चालले होते आणि सारखे मागे वळून बघत होते. चोराच्या मनात चांदणं, मी म्हटलं. याला पाठलागाचा वास आलाय. सोनापूरच्या अलीकडे डावीकडे एक छोटी गल्ली फुटते. तिच्या तोंडापाशी जरा पुढे जाऊन ते थांबले, पाय टेकला आणि पूर्ण वळून माझ्याच दिशेने बघायला लागले. मी पकडला गेलो! माझी नजर त्या जाकिटावर खिळलेली, डोक्यात एकच, की यांना चुकवायचं. मी स्टिअरिंग डावीकडे टाकलं आणि गल्लीत घुसलो.

शिटी वाजली. एकच, लांब, कानठळ्या बसवणारी. त्या आवाजाने दचकून माझा पाय ब्रेकवर पडला. डाव्या बाजूला खट् झालं.

मी उतरलो. गाडीच्या डाव्या चाकापाशी एक सायकल आडवी होती, तिचं पुढचं चाक माझ्या बंपरखाली. फुटपाथच्या कडेला राखाडी कुर्त्यातली एक मुलगी कोपर धरून बसली होती. ती डोकं वर करेपर्यंत ती कोण आहे हे मला कळलं नव्हतं. खोटं सांगत नाही. वीसेक हातांवरून येणारी माझी मुलगी मला दिसली नव्हती, आणि पडल्यावरही क्षणभर ओळखू आली नव्हती. ती कोपऱ्यावर चाकात हवा भरायला थांबली होती आणि मागून येत होती. काका तिची वाट बघत मागे वळत होते. ते माझ्याकडे बघतच नव्हते. मला मागे काय आहे ते दाखवणारा डावा आरसा मिटलेला होता.

"बाबा?" सायली म्हणाली. "तू? तू इथे काय करतोयस?"

काका सायकल टाकून धावत आले होते. त्यांनी आधी तिचं कोपर बघितलं, बोटं हलवायला लावली, हेल्मेट काढून डोकं चाचपलं. मग उठून माझ्याकडे बघितलं. मग माझ्या आरशाकडे. मग तिच्या बॅगेतून बाहेर डोकावणाऱ्या राणी रंगाकडे. त्यांना सगळं समजलं. मला वाटलं, आता हा माणूस चारचौघांत माझी सालं काढणार, आणि काढावीत.

"मीच बोलावलंय तुझ्या बाबाक," काका तिला म्हणाले. "म्हटलं, एकदा गाडीतसून बघा, पोरगी दिसता काय नाय ती. बघितलंस? जाकीट नसला तर सख्ख्या बापाक दिसणा नाय."

सायलीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. एवढी खोटी मान मी आयुष्यात हलवली नसेन. तिने गुपचूप जाकीट काढून अंगात घातलं. "सॉरी, बाबा," ती म्हणाली. तीच मला सॉरी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात टेबलावर एक फाईल होती. टेंपो आणि सायकल, दुपारी बारा, कोरडा रस्ता. ड्रायव्हरच्या जबाबात ते नेहमीचं वाक्य: साहेब, मला तो दिसलाच नाही. या वाक्याखाली मी नेहमी लाल रेघ मारतो. लख्ख उन्हात दिसला नाही म्हणजे काय? खोटं बोलतो. त्या दिवशी लाल पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसलो आणि मग तसाच चहा प्यायला गेलो.

संध्याकाळी काकांकडे गेलो. काकी बाहेर गेल्या होत्या. मी सगळं कबूल केलं. बाल्कनीतून ठेवलेली नजर, वॉचमनकडची चौकशी, जाकीट बॅगेत टाकायला लावणं, पाठलाग. बोलता बोलता रडलो. काका ऐकत बसले.

"माझ्यावर संशय होतो?" त्यांनी विचारलं.

"होता."

"बरा करत होतास," ते म्हणाले. रागावले तर नाहीतच, उलट अहोवरून एकदम अरेवर आले. "मी सगळ्या ड्रायव्हरांवर संशय घेतंय. पण मेल्या, संशय घेवचो तर सगळ्या बाजूक घेवचो. तू एकाच बाजूक बघीत रवलंस."

मग त्यांनी त्यांची गोष्ट सांगितली. टेंपो चालवत होते तेव्हाची. घाटकोपरला असंच डावं वळण घेताना एक अंडीवाला त्यांना दिसला नव्हता. सायकल, मागे अंड्यांचे ट्रे एकावर एक. "माणूस वाचलो. पायाचा हाड मोडला. अंडी सगळी गेली. रस्तो पिवळो झालो, जाधवा, तेव्हा तो माका दिसलो." मी उठलो तेव्हा दारात म्हणाले, "पोरीक सांग कधीतरी. आज नको. पण सांग."

"तुम्ही इतकं सावरून घेतलंत, आता कशाला?"

"ती सगळ्या गाड्यांका घाबरता. तुझी गाडी दिसली की बेफिकीर होता. तिका वाटता, बाबाची गाडी." त्यांनी मान हलवली. "बाबाची गाडी अशी काय नसता. गाडी ती गाडी."

मी सांगितलं नाही. डावा आरसा उघडा ठेवायला लागलो, शेजाऱ्याशी त्यावरून भांडलो, दोघांनी मिळून पार्किंगच्या रेघा बदलून घेतल्या. बी विंगमध्ये जायला लागलो. रविवारी काकांबरोबर बसायचो. ते आल्यागेलेल्याला रंग शिकवायचे आणि मी अपघातांच्या गोष्टी सांगायचो, नावं गाळून. सगळं केलं, पण ती एक गोष्ट सांगितली नाही. सायली ती गोष्ट सगळ्यांना रंगवून सांगायची, की बाबाने आणि काकांनी मिळून माझी कशी परीक्षा घेतली. पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. काका तेव्हा तिथे असले तर बशीतला चहा फुंकत बसायचे. त्यांनी पुन्हा कधी आठवण केली नाही. आणि काका म्हणाले होते तसंच होतं. गेटवर माझी गाडी दिसली की ती न थांबता, एक हात सोडून टाटा करत समोरून सुर्रकन जायची. दर वेळी माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

दोन वर्षांनी मे महिन्यात काका-काकी कुडाळकडे गावी गेले. आठ दिवसांनी काकींचा फोन आला. माझा पहिला प्रश्न बाहेर पडला तो, "अपघात?"

"नाही हो. दुपारी जेवून ओट्यावर झोपले, ते उठलेच नाहीत," काकी म्हणाल्या. "मी आत भांडी घासत होते. कोणीच बघितलं नाही." मग त्या रडल्या. ज्या माणसाने आपण दिसावं म्हणून रस्त्यावर एवढा आटापिटा केला, त्याच्याकडे शेवटी बघायला कोणी नव्हतं, हे त्यांना लागून राहिलं होतं. मलाही राहिलं.

सायली फार रडली. त्या संध्याकाळी तिने माधुरीला पुन्हा तीच गोष्ट सांगायला घेतली, राखाडी कुर्त्याची. "काकांनी बाबाला बोलावलं होतं ना तेव्हा..."

"नव्हतं बोलावलं," मी म्हटलं.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी सगळं सांगितलं. जाकीट बॅगेत का टाकायला लावलं तेही. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. माधुरीने तोंडाला पदर लावला.

"म्हणजे तू काकांचा पाठलाग करत होतास."

"हो."

"आणि मी तुला दिसलेच नव्हते. खरंच."

"नाही दिसलीस."

ती उठून आत गेली. दार आपटलं नाही, आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी गाडी काढली. गेटपाशी ती होती. राणी रंगाचं जाकीट, घोट्यांवर पट्ट्या, दिवा लुकलुकत होता. मी गाडी थांबवली. टाटा करून ती समोरून जाईल, म्हणून थांबलो. ती गेली नाही. तिने एक पाय जमिनीवर टेकला आणि काचेतून थेट माझ्या डोळ्यांत बघत उभी राहिली. ओळखीचं हसू नाही, राग नाही. कुठल्याही गाडीकडे, कुठल्याही ड्रायव्हरकडे बघावं तशी.

मागून हॉर्न वाजला. वॉचमन बघत होता. माझ्या मुलीचा माझ्यावर विश्वास नव्हता आणि त्या क्षणी मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की डोळे भरून आले. मी ते आधी पुसले. डाव्या आरशात बघितलं, उजव्या आरशात बघितलं, मग तिच्याकडे नीट बघितलं आणि हात वर केला.

मग ती गेली.